घरच्या बैठकीसाठी कॉकटेल आणि सणाची पेयं: आधी सरबत जमवा, दारू नंतर

आंबटगोड

दिवाळी ते ३१ डिसेंबर या काळात घरोघरी पंधरा-वीस माणसं जमतात. त्यातली निम्मी पिणारी, निम्मी न पिणारी. मग एकीकडे व्हिस्की-सोडा आणि दुसरीकडे बाटलीतलं कोल्ड्रिंक, अशी सरळ फाळणी होते. ती टाळता येईल अशा पाकृ (पाककृती) या धाग्यात जमवू या.

माझं ठाम मत आहे की घरच्या कॉकटेलचा पाया म्हणजे सरबत. आंबट, गोड, मीठ आणि पाणी यांचा तोल दारूशिवाय जमला, की त्याच जगमधून सगळ्यांना देता येतं. ज्याला हवी त्याच्या ग्लासात ३० किंवा ४५ मिली घालायची. सरबतच फसलं असेल तर महागडी जिन ओतूनही ते सुधारत नाही.

सुरुवात मापापासून. 'अंदाजे एक पेग' हे माप नाही. छोटा पेग ३० मिली, मोठा ६०. जिगर (दारू मोजायचं छोटं माप) नसेल तर औषधाच्या बाटलीवरचं खुणा असलेलं झाकण धुऊन वापरा, किंवा केकसाठी वापरतो तो १५ मिलीचा चमचा. आमटीचा चमचा घराघरात वेगळा असतो, त्यावर भरवसा नको.

साखरेचा पाक साधा हवा. ५०० ग्रॅम साखर, ५०० मिली पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, उकळत ठेवायचं नाही. साधारण ८०० मिली पाक होतो आणि फ्रीजमध्ये दोनतीन आठवडे टिकतो. लाडवाच्या सवयीने एकतारी पाक करू नका. तो थंड पेयात नीट मिसळत नाही, तळाशी बसतो, मग पहिले घोट आंबट आणि शेवटचे नुसते गोड.

आता कोकमाचा जग, १० ग्लासांसाठी: अमृत कोकम ३०० मिली, लिंबाचा गाळलेला रस १०० मिली, थंड पाणी ५०० मिली, अर्धा छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. हे ९०० मिली मिश्रण दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. ग्लासात भरपूर बर्फ, त्यावर ९० मिली मिश्रण. न पिणाऱ्याला वर १२० मिली सोडा. पिणाऱ्याला ४५ मिली जिन किंवा व्होडका आणि ७५ मिली सोडा. दोन्ही ग्लास ३०० मिलीचे धरले आहेत.

तांब्याभांडं

वाचनखूण साठवली. एक शंका. अमृत कोकमाऐवजी घरात आगळ आहे. तेवढंच घातलं तर चालेल का?

आंबटगोड

अजिबात नाही. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, त्यात साखर नसते. ३०० मिली आगळ घातलं तर जग फेकूनच द्यावा लागेल. वरच्या मापासाठी आगळ १०० मिली, साधा पाक २५० मिली, पाणी ५५० मिली. लिंबू आणि मीठ दोन्ही वगळा, आगळात आंबटपणा आणि खारटपणा भरपूर असतो. शिवाय प्रत्येक घरचं आगळ कमीजास्त खारट, म्हणून आधी ७० मिली घालून चव पाहा आणि मग वाढवा. आगळात टॉनिक वॉटर मिसळू नका. टॉनिकमधल्या क्विनाइनचा कडूपणा आणि आगळाचा तुरट-खारटपणा एकत्र आले की जीभ आखडते. अमृत कोकमाबरोबर टॉनिक चालतं, पण टॉनिकमध्ये साखर असते, त्यामुळे ग्लासाला कोकम ३० ऐवजी २० मिली घ्या.

सोडावाला

बर्फाबद्दल लिहायलाच हवं, कारण घरच्या कॉकटेलची निम्मी वाट बर्फामुळे लागते. लोक बर्फ कमी घालतात, पेय पाणचट होऊ नये म्हणून. होतं उलटंच. दोन खडे कोमट मिश्रणात पडले की पेय थंड होण्याआधीच विरघळून जातात. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला तर पेय चटकन गार होतं आणि मग बर्फ सावकाश वितळतो. मोठे खडे आणखी चांगले. स्टीलच्या वाटीत किंवा छोट्या डब्यात पाणी गोठवा.

माणशी निदान अर्धा किलो बर्फ धरा. बाटल्या गार ठेवायलाही तोच वापरणार असाल तर एक किलो. दोन दिवस आधीपासून ट्रे रिकामे करून पिशवीत साठवत जा, आणि त्या पिशवीशेजारी मासे किंवा उघडा कांदा नको, बर्फ वास धरतो. बाहेरून आणायचा असेल तर खाण्याचाच मागा. निळसर रंगाचा बर्फ अखाद्य असतो, तो फक्त बाटल्यांच्या टबासाठी. त्या टबातला खडा उचलून ग्लासात टाकायचा नाही, हे वाढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

ढवळायचं की हलवायचं, याचा नियम सोपा आहे. रस, दूध, ताक, नारळाचं दूध असेल तर बर्फासकट झाकणबंद हलवा, १० ते १५ सेकंद, डबा हाताला चटका बसण्याइतका गार होईपर्यंत. सगळी दारूच असेल (जिन, व्हर्मुथ वगैरे) तर लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळा. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि चहाची गाळणी पुरते. सोडा मात्र डब्यात घालून कधीही हलवू नका. आतला वायू सुटतो आणि झाकण उडतं. सोडा नेहमी शेवटी, ग्लासातच.

पादेलोण

सोड्याचा विषय निघालाच आहे तर विचारते. मसाला सोडा करताना काळं मीठ टाकलं की सगळं उतू जातं, टेबल चिकट होतं. काय करावं?

सोडावाला

मिठाच्या प्रत्येक कणावर सोड्यातल्या वायूला बुडबुडा धरायला जागा मिळते. एकदम चमचाभर टाकलं की सगळा वायू एकदमच बाहेर पडतो. उतू जातं ते जातंच, उरलेला सोडाही मुळमुळीत होतो. म्हणून काळं मीठ, चाट मसाला, जिरेपूड हे सगळं आधी लिंबाच्या रसात आणि पाकात नीट कालवा, मीठ पूर्ण विरघळेपर्यंत दोन मिनिटं थांबा, मग ग्लास तिरका धरून कडेने थंड सोडा सोडा. सोडा गार असणंही तितकंच महत्त्वाचं, कोमट पाण्यात वायू टिकत नाही. न विरघळणारी पूड गाळून घेतली तर आणखी उत्तम.

माडाखालचा

गोव्याच्या बाजूने थोडी भर. काजूची फेणी २००९ पासून भौगोलिक मानांकनाची आहे आणि गोवा सरकारने २०१६ मध्ये तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, तरी घाटावर तिच्या वासाला अजून नाकं मुरडली जातात. वास उग्र आहे, हे खरं. पण चूक बहुतेक वेळा मिसळणाऱ्याची. वास झाकायला लोक कोला किंवा गोड सरबत घालतात. गोडाने फेणीचा वास दबत नाही, उलट पिकलेल्या काजूबोंडाचा दर्प वर येतो. तिला आंबट, मीठ आणि तिखट हवं.

नवख्यांसाठी माप: फेणी ३० मिली, लिंबूरस १५, साधा पाक १५, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली अर्धी हिरवी मिरची, बर्फ, १२० मिली साधा सोडा. सवय असेल त्याला ४५ मिली. मिरची ग्लासात ठेचू नका. बिया सुटल्या की शेवटचा घोट जाळतो. तिखटपणा नुसत्या उभ्या चिरीतून पुरेसा उतरतो, आणि दहा मिनिटांनी मिरची काढून टाकावी.

उर्राक ही काजूबोंडाचीच, पण एकदाच गाळलेली, फेणीपेक्षा सौम्य, आणि फक्त काजूच्या हंगामात म्हणजे साधारण फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत मिळणारी. तिला लिम्का, लिंबू, मीठ, मिरची हा जमलेला मेळ आहे, त्यात फार डोकं लावू नये: ६० मिली उर्राक, १५० मिली लिम्का. उर्राक टिकाऊ नाही. दिवाळीसाठी म्हणून मेमध्ये भरून ठेवली तर वास उतरतो, चव सपाट होते.

सोलकढीतही फेणी सुरेख लागते. ९० मिली सोलकढी, ४५ मिली फेणी, बर्फाबरोबर हलवून गाळायची, वर कोथिंबिरीचं एक पान. पण सोलकढीत लसूण घालू नका, आणि मिश्रण करून ठेवू नका. नारळाचं दूध थोड्या वेळाने फुटल्यासारखं दिसतं, पाणी खाली आणि चोथा वर. ऐन वेळी हलवून लगेच द्यायचं.

एक सूचना: गोव्यातून महाराष्ट्रात परवान्याशिवाय बाटल्या आणणं गुन्हा आहे. स्वस्त पडते म्हणून डिकीत भरून आणू नका.

नाशिकवाली

नाताळ आणि नव्या वर्षासाठी सांग्रिया घरी करायला सर्वांत सोपी, आणि नाशिकची मध्यम किमतीची रेड वाईन तिला पुरते. भारी वाईन यात घालणं म्हणजे पैसे वाया.

एक बाटली (७५० मिली) रेड वाईन, ९० मिली ब्रँडी, ६० मिली साधा पाक, १५० मिली संत्र्याचा ताजा रस, ३० मिली लिंबूरस, एक सफरचंद बारीक फोडी करून, दोन संत्री, दालचिनीचा बोटभर तुकडा. चार ते सहा तास फ्रीजमध्ये. वाढताना ३०० मिली सोडा. साधारण आठ ग्लास होतात.

लिंबूरस का, तर नागपुरी संत्रं गोड असतं, आंबटपणाला कमी पडतं. परदेशी पाकृ त्यांच्या आंबट संत्र्यांवर बेतलेल्या असतात, त्या जशाच्या तशा केल्या की आपल्याकडे सांग्रिया मिळमिळीत होते. दुसरं, संत्र्याच्या चकत्या सालासकट रात्रभर घालून ठेवू नका. सालाखालचा पांढरा भाग वाईन कडू करतो. फोडी सोलून आत घाला आणि दिसायला हव्या असतील तर सालासकट चकत्या वाढताना वर टाका. दालचिनीही दोन तासांनी काढा.

व्हाईट वाईनची करायची असेल तर संत्र्याच्या जागी पेरू छान लागतो. गुलाबी गराचा पेरू, बिया गाळून, १०० मिली गर. ब्रँडीऐवजी ६० मिली व्होडका.

तांब्याभांडं

कोजागिरीच्या मसाला दुधात रम घालतात असं ऐकलं आहे. दूध फुटत नाही का?

आंबटगोड

नीट घातली तर फुटत नाही. दूध आंबटाने फुटतं, आणि रम किंवा ब्रँडी फारशी आंबट नसते. फुटण्याची खरी कारणं दोन. एक, उकळत्या दुधात दारू धबकन ओतणं. दुसरं, दुधात गूळ घातलेला असणं. वाईन मात्र आंबट असते, ती दुधात कधीच घालायची नाही.

दोन लिटर म्हशीचं दूध आटवून दीड लिटर करा. साखर १५० ग्रॅम, बदाम-पिस्त्याची भरड, चारोळी, वेलची, केशर, जायफळ. जायफळ दोन लिटरला पाव छोट्या चमच्याहून जास्त नको, रमबरोबर ते जास्त जाणवतं आणि कडवट होतं. गॅस बंद करून दूध बोट सहन करेल इतपत निवलं की १५० मिलीच्या कपात ३० मिली डार्क रम बारीक धारेने, ढवळत ढवळत. केशराचं दूध साधं पिणाऱ्यांसाठी वेगळ्या पातेल्यात ठेवा, रम पातेल्यात घालू नका, कपातच घाला.

गार प्यायचं असेल तर पियूषही चांगला. एक वाटी केशरी श्रीखंड, दोन वाट्या ताजं गोड ताक, जायफळ. यात मात्र दारूच्या भानगडीत पडू नये. आहे तेच पूर्ण आहे.

वसईचं_पाणी

थंडीतल्या गरम पेयांत वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन (इथल्याच मूळच्या कॅथलिक) घरांतलं खिमाड राहून गेलं. लग्नकार्यात करतात, घराघरात प्रमाण वेगळं. मूळ गावठी दारूचं असे. घरी विकतच्या डार्क रमवर असं जमतं:

जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर कोरडीच वितळवा. गडद मधाचा रंग आला की लगेच गॅस बंद. त्यापुढे गेली की करपून कडू होते, आणि गरम पातेल्यात रंग पुढे जातच राहतो, म्हणून थोडं आधीच थांबा. आता ६०० मिली गरम पाणी हळूहळू, हात लांब ठेवून. थंड पाणी घातलं तर साखर उसळून अंगावर येते आणि खाली खड्यासारखी घट्ट होते. दालचिनी दोन इंच, सहा लवंगा, गवती चहाची आठदहा पाती गाठ मारून. मंद आचेवर १० मिनिटं, मग गाळा.

गॅस पूर्ण बंद करून पातेलं ओट्यावर उतरवा आणि मगच ३०० मिली रम घाला. हे दोन कारणांसाठी. मद्यार्क साधारण ७८ अंशांना उकळतो, त्यामुळे आचेवर ठेवलं की आधी तोच उडून जातो. आणि त्याची वाफ ज्योतीवर पेट घेते. एकूण ९०० मिली, ९० मिलीचे १० छोटे कप, म्हणजे प्रत्येकात ३० मिली रम.

न पिणाऱ्यांना तेच पाणी रमशिवाय, आल्याचा रस आणि थोडं लिंबू घालून. अप्रतिम लागतं.

बे_एरियाकर

इकडे अमेरिकेत अमृत कोकम भारतीय दुकानांत मिळतं, पण मापात घोळ होतो तो असा: इथला एक लाईम मोठा, त्यातून ३० मिलीपर्यंत रस निघतो. आपल्या कागदी लिंबातून मध्यम आकाराला १५ मिलीच्या आसपास. त्यामुळे 'एक लिंबू' लिहिलेली पाकृ दोन्हीकडे वेगळीच लागते. रस मिलीतच मोजावा. पिवळा लेमन कोकमाबरोबर फिका पडतो, हिरवाच घ्या. इथल्या पाकृत दीड औंस म्हणजे ४५ मिली समजा.

आणि लिंबू फार पिळू नका. साल चुरगळली की तेल आणि कडूपणा दोन्ही उतरतात. सकाळी काढलेला रस फ्रीजमध्ये संध्याकाळपर्यंत चालतो, दुसऱ्या दिवशी नाही.

पादेलोण

व्हिस्की सावरच्या वर फेस येतो तो कच्च्या अंड्याचा असतो ना? आमच्याकडे अर्धी मंडळी शाकाहारी.

सोडावाला

हो, अंड्यातल्या पांढऱ्याचा. त्याऐवजी छोले किंवा काबुली चणे उकडलेलं पाणी घ्या, मीठ आणि खाण्याचा सोडा न घालता उकडलेलं. पातळ असेल तर आटवून अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्याइतकं घट्ट करा. एका ग्लासाला ३० मिली. आधी बर्फाशिवाय २० सेकंद हलवायचं, मग बर्फ घालून १० सेकंद. बर्फ आधीच घातला तर फेस नीट धरत नाही. चण्याचा वास हलकासा राहतो, वर जायफळ किसलं की जातो. कच्च्या अंड्यातला जंतूंचा धोकाही टळतो.

माडाखालचा

ज्यांना एक पायरी पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी दुधाने गाळलेलं पंच. वर दूध फुटू नये म्हणून काळजी घेतली, इथे ते मुद्दाम फोडायचं. कोरा कडक चहा २०० मिली, डार्क रम ३०० मिली, लिंबूरस १००, साधा पाक १२०. हे मिश्रण १८० मिली थंड, साईच्या दुधावर ओतायचं. क्रम उलटा नको. दूध मिश्रणात ओतलं तर चोथा बारीक बारीक होतो आणि गाळताना गढूळ राहतं.

तासभर न ढवळता ठेवा. मग ओल्या मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. पहिला अर्धा कप गढूळच येतो, तो परत त्याच फडक्यात हळूच ओता. एव्हाना चोथ्याचा थर बसलेला असतो आणि तोच खरी गाळणी. फडकं पिळलं की सगळं बिघडलं, थेंब थेंब पडू द्या, दोनतीन तास लागतात. हाती येतं ते सोनेरी, स्वच्छ आणि तोंडात मऊ, कारण चहातला तुरटपणा दुधातल्या प्रथिनांबरोबर फडक्यातच राहतो. बाटलीत भरून फ्रीजमध्ये काही आठवडे टिकतं, म्हणून भेट द्यायलाही उत्तम. बाटलीवर 'दूध आहे' हे लिहायला विसरू नका, काहींना पथ्य असतं.

आंबटगोड

दंडवत! हे दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात करून ठेवायला योग्य.

आता खरेदीचा हिशेब. दहा पिणारी माणसं, तीन तास. पहिल्या तासाला दोन, पुढे तासाला एक, म्हणजे माणशी चार, एकूण ४० ग्लास. ४५ मिलीने १८०० मिली, म्हणजे अडीच खंबे (७५० मिलीच्या बाटल्या). सोडा ग्लासाला १२० मिली धरून जवळपास पाच लिटर, ७५० मिलीच्या सात बाटल्या. लिंबं ४० ते ५०.

हे वरचं टोक झालं, त्यापुढे जाऊ नये. आपल्याकडची स्पिरिट ४२.८ टक्क्यांची असतात. ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम मद्यार्क, आणि तेवढा जिरवायला शरीराला तासभर लागतो. म्हणून यजमानाने ग्लास ३० मिलीचेच भरावेत, ४५ मागणाऱ्याला द्यावेत. सरबत नीट जमलेलं असेल तर ३० मिलीत कोणाला काही कमी वाटत नाही.

नाशिकवाली

+१. दोन मुद्दे जोडते. कोकमाचा दारूवाला आणि बिनदारूचा ग्लास रंगाने हुबेहूब सारखे दिसतात. जगमध्ये दारू मिसळायचीच नाही हा नियम ठेवला तरी हातातले ग्लास बदलतात. पिणाऱ्यांचे ग्लास वेगळ्या आकाराचे ठेवा. लहान मुलं आणि मधुमेह-रक्तदाबाची औषधं घेणारे ज्येष्ठ घरात असताना हे फार गरजेचं आहे.

दुसरं, महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा परवाना वाईन शॉपमध्येच मिळतो. स्पिरिटसाठी वयाची अट २५ वर्षं. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. परतीच्या रिक्षा-टॅक्सीचं जेवणाआधीच ठरवा.

तांब्याभांडं

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न, पन्हं वापरता येईल का? आणि सांग्रियात उरलेल्या फळांचं काय करायचं?

आंबटगोड

पन्ह्याचा गर एप्रिल-मेमध्ये करून गोठवलेला असेल तर जरूर. एक वाटी उकडलेल्या कैरीचा गर, दीड वाटी गूळ, वेलची. त्यातला ६० मिली गर, ४५ मिली व्हाईट रम, बर्फाबरोबर हलवून जाड गाळणीने गाळायचं, वर ९० मिली सोडा. डिसेंबरात कैरी नसेल तर आवळा-आल्याचं सरबत घ्या, पण आवळा तुरट असतो, म्हणून पाक १० मिली वाढवा आणि चिमूटभर मीठ घालाच. मिठाने तुरटपणा बराच कमी जाणवतो.

नाशिकवाली

फळं मुलांच्या हाती देऊ नका, त्यांनी वाईन आणि ब्रँडी चांगलीच शोषलेली असते. मोठ्यांसाठी पाकात पाच मिनिटं शिजवून आइस्क्रीमवर घाला. शिजवूनही थोडा मद्यार्क राहतोच. उरलेली वाईन बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, पुढच्या सांग्रियात बर्फाऐवजी चालते. ट्रेवर नाव लिहा, नाहीतर तो खडा कोणाच्या तरी सरबतात पडेल.